मृत्यूची नोंद कुठे आणि कशी शोधावी: कुटुंबाच्या इतिहासाची साधने



घरच्या वंशावळीसाठी माहिती गोळा करू लागलात की पणजोबांपर्यंतची नावे बहुधा मिळतात. ते कधी आणि कुठे वारले, असे विचारले की मात्र उत्तरे मोघम होतात. "साथीत गेले", "पुरानंतर गेले", "मिरजेला नेले होते, तिथेच गेले." अशा उत्तरांवरून लेखी नोंदीपर्यंत कसे पोहोचायचे, हे या पाठात पाहू. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातील आहेत. पद्धत मात्र देशात कुठेही वापरता येईल.

१. मूळ नियम

मृत्यूची नोंद व्यक्तीच्या मूळ गावी होत नाही. मृत्यू ज्या हद्दीत झाला, त्या हद्दीच्या निबंधकाकडे ती होते. शिवाय जुन्या नोंदवह्या तारखेच्या क्रमाने लिहिलेल्या असतात, आडनावाच्या क्रमाने नव्हे. म्हणून कार्यालयात जाऊन नुसते नाव सांगितले, तर कर्मचाऱ्याला फारसे काही करता येत नाही. ठिकाण आणि निदान वर्ष सांगितले, तर योग्य वही काढता येते. शोधाचे निम्मे काम कार्यालयात जाण्यापूर्वी घरीच करायचे असते, ते यासाठी.

२. ठिकाण आणि काळ ठरवणे

समजा, पुणे जिल्ह्यातील एका कुटुंबात आजी सांगते: "सासरे पानशेतच्या पुरानंतर गेले, पितृपक्षाच्या आधी. तिथी श्रावण वद्य पंचमी."

पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. त्या वर्षीचा पितृपक्ष सप्टेंबरच्या अखेरीस सुरू झाला. म्हणजे एका वाक्यातून अडीच महिन्यांची मर्यादा मिळाली. आता तिथी पाहा. शके १८८३ च्या पंचांगात श्रावण वद्य पंचमी ऑगस्टच्या अखेरीस येते. वहीची दोन-चार पानेच चाळायची उरली.

येथे एक सावधगिरी हवी. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, आंध्र येथे महिना अमावास्येला संपतो. याला अमांत गणना म्हणतात. उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो. ती पौर्णिमांत गणना. शुक्ल पक्षात फरक पडत नाही, पण कृष्ण पक्षात महिन्याचे नाव बदलते. आपला पितृपक्ष भाद्रपद वद्यात येतो, तोच उत्तरेकडे आश्विन कृष्ण म्हणून ओळखला जातो. वरील तिथी उत्तरेकडील पुरोहिताने लिहिली असेल, तर तारीख ऑगस्टच्या अखेरीस न येता सुरुवातीला येईल. इंदूर, ग्वाल्हेर किंवा काशीला स्थायिक झालेल्या मराठी घरांनी हे आधी तपासावे.

शक सनात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे. तिथी माहीत नसेल तर मोठ्या घटना उपयोगी पडतात. मुंबईत प्लेग १८९६ मध्ये आला. इन्फ्लुएंझाच्या साथीने १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्वाधिक बळी घेतले. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी झाला. "त्याच्या आधी की नंतर?" हा प्रश्न वृद्ध माणसांना "कोणत्या साली?" या प्रश्नापेक्षा सोपा जातो.

ठिकाणासाठी विचारा: शेवटचे आजारपण कुठे गेले? पश्चिम महाराष्ट्रातील अनेक रुग्णांना मिरजेच्या मिशन रुग्णालयात नेत असत. मृत्यू तिथे झाला असेल तर नोंद गावात शोधून उपयोग नाही, मिरजेत शोधावी लागेल. तिथे आज सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका आहे. कार्यालयांच्या हद्दी आणि नावे अशी बदलत असतात, म्हणून जुन्या हद्दीचे दफ्तर आज कोणाकडे आहे, हेही विचारावे.

३. सरकारी दफ्तर

देशात सध्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार कोणीही शुल्क भरून नोंदवहीत शोध घ्यायला सांगू शकतो आणि उतारा मागू शकतो. मात्र मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण दिले जात नाही. नोंद सापडली नाही, तर नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र मागता येते. ते जपून ठेवा. कोणत्या कार्यालयात, कोणत्या वर्षांसाठी शोध झाला, याचा तो लेखी पुरावा असतो.

खेड्यात ग्रामपंचायत, शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिकेचे विभाग कार्यालय, हे पहिले ठिकाण. त्याआधीच्या काळासाठी महाराष्ट्रात महसूल खात्याचा गाव नमुना १४ पाहावा. याला बोलीत 'कोतवाल बुक' म्हणतात. गावातील जन्म आणि मृत्यू यांची ही नोंद असून जुनी बुके तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळू शकतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नोंदी बऱ्याचदा मोडी लिपीत असतात. मोडी वाचक शोधा, किंवा मोडीचा छोटा अभ्यासक्रम स्वतः करा. नाव आणि तारीख ओळखण्यापुरती लिपी थोड्या सरावाने येते.

४. जमिनीचे कागद

मृत्यूची थेट नोंद नसली तरी शेतजमीन असेल तर वारसाची नोंद झालेली असते. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही आणि ६-क म्हणजे वारस नोंदवही. 'अमुक मयत, वारस पुढीलप्रमाणे' असा मजकूर आणि नातेसंबंध तेथे मिळतात. ही नोंद मृत्यूनंतर काही महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी झालेली असते. म्हणून फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख समजू नये. त्या तारखेपूर्वी मृत्यू झाला होता, एवढेच त्यातून सिद्ध होते.

५. निधनवार्ता

केसरी (१८८१), सकाळ (१९३२), लोकसत्ता (१९४८) अशा वृत्तपत्रांचे जुने अंक मोठ्या ग्रंथालयांत पाहता येतात. पुणे नगर वाचन मंदिर, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटी ही काही ठिकाणे. इतर राज्यांतील विद्यार्थ्यांनी कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि चेन्नईचे कोन्नेमारा ग्रंथालय लक्षात ठेवावे. निधनवार्ता सापडली नाही तर दशक्रियेची आणि प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरातही शोधा. ती अनुक्रमे दहा दिवसांच्या आत आणि वर्षभराने येते.

निधनवार्ता वाचताना दोन गोष्टींकडे लक्ष द्या. 'काल रात्री' हे शब्द बातमी लिहिल्याच्या दिवसापासून मोजायचे असतात आणि बाहेरगावची बातमी काही दिवस उशिरा छापली जाते. दुसरे, 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी, नातवंडे असा परिवार आहे' या ठरावीक वाक्यात संख्या असते, नावे बहुधा मुलग्यांचीच. लग्न झालेल्या मुलींची नावे वारस नोंदीत, कधी सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात सापडतात. निधनवार्ता आणि फेरफार शेजारी ठेवून वाचावेत, ते यासाठीच.

६. धर्मस्थळांच्या आणि समाजाच्या नोंदी

हरिद्वार, गया, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत अस्थिविसर्जन किंवा श्राद्धासाठी आलेल्या कुटुंबांची नावे गावनिहाय लिहिलेली असतात. चर्चमध्ये दफनाची नोंदवही असते. गोव्यातील जुन्या नोंदी पोर्तुगीज भाषेत आहेत. कब्रस्तानात आणि ख्रिस्ती दफनभूमीत शिलालेख वाचता येतात. पारशी समाजासाठी बमनजी बैरामजी पटेल यांनी सुरू केलेला गुजराती 'पारसी प्रकाश' हा मोठा आधार आहे.

७. पुरावा तपासणे

प्रयोगशाळेत एका वाचनावर आपण निष्कर्ष काढत नाही. येथेही तसेच. प्रत्येक कागद कोणी लिहिला, कोणाच्या सांगण्यावरून, घटनेनंतर किती दिवसांनी आणि कशासाठी, हे चार प्रश्न विचारा. मृत्यूच्या नोंदीतील मृत्यूची तारीख सहसा विश्वसनीय असते, पण वय अंदाजे असू शकते, कारण ते दुसऱ्याच कोणी सांगितलेले असते. दोन स्वतंत्र कागद जुळले तरच 'निश्चित' लिहा. नाहीतर 'अंदाजे' लिहून आधार नमूद करा.

सर्वांच्या नोंदी सारख्या राहत नाहीत, हेही समजून घ्या. भूमिहीन माणसाचा फेरफार नसतो. गरिबाची निधनवार्ता छापली जात नाही. तान्ह्या मुलांचे मृत्यू कित्येकदा नोंदलेच जात नसत. बाईची नोंद अनेकदा 'अमक्याची बायको' एवढीच असते. तिचे माहेरचे नाव घरातील एखाद्या वृद्धेलाच ठाऊक असते आणि ते कोणत्याही कार्यालयात पुन्हा मिळणार नाही. म्हणून कागदाच्या आधी माणसांकडे जा. दफ्तर पुढच्या वर्षीही जागेवर असेल. ऐंशी वर्षांच्या आत्याबाईंची आठवण तेव्हा असेलच असे नाही.

मृत्यूचे कारण कायद्यानेही उताऱ्यातून वगळले आहे. आत्महत्या, आजार, बालमृत्यू अशा गोष्टी समजल्या तर हयात नातेवाइकांना विचारल्याशिवाय त्या इतरांना दाखवू नका.

स्वाध्याय

१. आपल्या कुटुंबातील १९७० पूर्वी वारलेली एक स्त्री निवडा. तिचे माहेरचे आणि सासरचे नाव, मृत्यूचे ठिकाण आणि काळ घरच्यांना विचारून लिहा. प्रत्येक माहितीपुढे सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख टाका.
२. मिळालेल्या आठवणींवरून मृत्यूच्या काळाची 'याच्या आधी' आणि 'याच्या नंतर' अशी मर्यादा काढा.
३. तिची नोंद कोणत्या तीन ठिकाणी असू शकेल ते कारणासह सांगा आणि त्यांपैकी एका ठिकाणी अर्ज करा.