न्यायालयीन पुनर्विलोकनाचा उगम

न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा राज्यघटनेशी सुसंगत आहे की नाही हे तपासण्याचा आणि विसंगत आढळल्यास तो अवैध ठरविण्याचा न्यायालयांचा अधिकार होय. अमेरिकेच्या राज्यघटनेत या अधिकाराचा स्पष्ट उल्लेख नाही. तो १८०३ मधील मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्याच्या निकालाने प्रस्थापित झाला.

पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये १६१० साली डॉ. बोनहॅम खटल्यात न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी, विवेकबुद्धीस सोडून असलेला संसदेचा कायदा कॉमन लॉनुसार निरर्थक ठरू शकतो, असे मत मांडले. पुढे तेथे संसदेच्या सार्वभौमत्वाचे तत्त्व रुजल्याने ते मागे पडले. अमेरिकेने मात्र लिखित राज्यघटना स्वीकारली. जनतेने केलेली घटना तिच्या प्रतिनिधींनी केलेल्या कायद्याहून श्रेष्ठ होय, असे प्रतिपादन अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८८ मध्ये ‘द फेडरलिस्ट’मधील ७८ व्या निबंधात केले.

मार्बरी विरुद्ध मॅडिसन

निवडणुकीत पराभूत झालेले राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी मार्च १८०१ मध्ये पायउतार होण्यापूर्वी अनेक न्यायिक नेमणुका केल्या. विल्यम मार्बरी यांचे नियुक्तिपत्र सहीशिक्क्यानिशी तयार होते. पण ते त्यांच्या हाती पडले नाही. नवे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी ते रोखल्यावर मार्बरी यांनी परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन यांच्याविरुद्ध महादेश मिळावा म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला.

न्यायालयापुढे पेच होता. आदेश द्यावा, तर सरकार तो धुडकावण्याची शक्यता. न द्यावा, तर न्यायालय दुर्बल ठरण्याची भीती. २४ फेब्रुवारी १८०३ रोजी सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी एकमताचा निकाल जाहीर केला. नियुक्तिपत्रावर मार्बरी यांचा हक्क आहे. तथापि असे अर्ज थेट ऐकण्याचा अधिकार न्यायालयाला देणारे १७८९ च्या न्यायव्यवस्था अधिनियमाचे कलम १३ घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाशी विसंगत, म्हणून शून्यवत आहे, असे त्यांनी ठरविले. अशा रीतीने कायद्याने दिलेला एक लहान अधिकार नाकारून न्यायालयाने कायदाच तपासण्याचा मोठा अधिकार मिळविला. संघराज्याचा कायदा घटनाबाह्य ठरविण्याचा पुढचा मोठा प्रसंग १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात आला. गुलामगिरीच्या बाजूने झुकलेल्या त्या निकालामुळे हा अधिकार वादग्रस्तही ठरला.

भारत

भारतीय संविधानाने हा अधिकार केवळ अन्वयार्थावर सोडलेला नाही. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे अनुच्छेद १३ नुसार त्या विसंगतीपुरते शून्य ठरतात. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात घटनादुरुस्तीही संविधानाच्या मूलभूत संरचनेला बाध आणू शकत नाही, असा निर्णय झाला. न्यायालयीन पुनर्विलोकन हे त्या संरचनेचेच अंग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये एल. चंद्रकुमार खटल्यात स्पष्ट केले.