खोली का तापत नाही?

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याची कीर्ती सर्वदूर आहे. येथील हिवाळ्याची मात्र बाहेरच्यांना फारशी कल्पना नसते. पुण्या-मुंबईकडील पाहुणे डिसेंबरअखेर एका पातळ स्वेटरनिशी उतरतात आणि दुसऱ्याच दिवशी यजमानांची शाल पांघरून बसलेले दिसतात. जानेवारीत पहाटे पारा ५-६ अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली येतो. धुके पडले की दुपारपर्यंत सूर्यदर्शन नाही. अशा दिवसांत घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : "हीटर तर केव्हाचा लावला आहे, पण खोली काही तापत नाही!"

या तक्रारीचे मूळ पुष्कळदा घरातच असते. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या सैन्याचा तळ येथे पडला आणि त्यातून लष्कर ही वस्ती आकारास आली. त्यानंतर आपल्या वाडवडिलांनी जी घरे बांधली, ती प्रामुख्याने उन्हाळ्याशी झुंज देण्यासाठी : जाड दगडी भिंती, वर पटियांचे दगडी छत, चौदा-चौदा फुटांची उंची आणि छताशी झरोके. मे महिन्यात ज्या रचनेला आपण दुवा देतो, तीच जानेवारीत उलटते. तापलेली हवा वर जाते, छताशी जमते आणि झरोक्यातून निघून जाते. खाली माणसे कुडकुडतच राहतात. १२ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १४ फूट उंच खोलीत सुमारे २,००० घनफूट हवा मावते. नव्या वसाहतींतील ९ फूट उंचीच्या तेवढ्याच खोलीत १,३०० च्या आसपास. शिवाय गार दगड आपल्या अंगाची ऊब सतत ओढून घेत असतो. दोन फुटी भिंत तासाभराच्या हीटरने तापेल, ही अपेक्षाच चुकीची. तेव्हा अशा घरात सारी खोली तापवण्याचा हट्ट सोडून आपण बसतो तो कोपरा उबदार करावा, हे उत्तम. फरशीवर जाड सतरंजी, दारांना पडदे, पलंग भिंतीपासून हातभर दूर. ऊन आले की दक्षिणेच्या खिडक्या सताड उघडाव्या आणि सूर्य कलण्यापूर्वी लावून घ्याव्या. यास दमडीही लागत नाही.

आता हीटरकडे वळू. अलीकडे अनेक घरांत तेलाचा रेडिएटर आला आहे. त्यातील तेल जळत नाही, आटत नाही, पुन्हा भरावे लागत नाही. आतील विजेच्या दांडीने ते तापते आणि पात्यांमधून ऊब बाहेर पडते. तो सावकाश तापतो, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत त्याला नावे ठेवू नयेत. उन्हाळाभर माळ्यावर आडवा पडून राहिला असेल, तर उभा करून काही वेळ तसाच ठेवावा व मगच सुरू करावा, म्हणजे तेल पुन्हा दांडीभोवती जमते. त्यावर ओले कपडे वाळत घालण्याची आपल्या भगिनींची सवय मात्र घातक आहे. कपड्यांनी ऊब कोंडते, आतील बटण आपोआप बंद पडते आणि प्रसंगी आगही लागते.

हीटर ठणठणीत असूनही कोमट राहतो, तेव्हा विजेच्या दाबाची शंका घ्यावी. दोन हजार वॉटचा हीटर हे काम २३० व्होल्टवर करतो. संध्याकाळी सारा मोहल्ला हीटर लावून बसला आणि दाब १८० व्होल्टवर आला, तर त्याची शक्ती सुमारे १,२०० वॉटच उरते. कारण ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. अशा वेळी नवा हीटर आणणे म्हणजे पदरचे पैसे घालवणे. दुसरी गोष्ट, हा हीटर ९ अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. दिव्याच्या लहान सॉकेटला किंवा लांबवलेल्या बारीक तारेला तो कदापि जोडू नये. १६ अँपिअरचे सॉकेटच हवे. अर्ध्या तासाने बटण बंद करून, प्लग काढून त्याला हात लावून पाहावा. तो चटका बसण्याइतका तापला असेल, तर ऊब खोलीत न येता भिंतीतल्या सैल जोडणीत जळते आहे, असे समजून इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

हाताने चाचपून दोष शोधण्याची हीच रीत इंग्लंडात स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांच्याही कामी येते. तेथे स्वयंपाकघरातल्या बॉयलरमध्ये पाणी तापते आणि नळांवाटे प्रत्येक खोलीतील लोखंडी रेडिएटरमध्ये फिरते. रेडिएटर खाली गरम आणि वर गार लागला, तर वर हवा अडकली आहे. यंत्र बंद करून तो निवू द्यावा, खाली फडके धरावे आणि वरच्या कोपऱ्यातील चौकोनी तोंडाचा स्क्रू किल्लीने अगदी थोडा सैल करावा. सुस्कारा टाकत हवा निघते आणि पाणी येताच तो आवळावा. मग बॉयलरवरील दाबाचा काटा पाहावा. गार असताना तो साधारण १ ते १.५ च्या दरम्यान असावा. उलट वर गरम आणि खाली मध्यभागी गार असेल, तर लोखंडाच्या गंजाचा काळा गाळ तळाशी बसला आहे. तो धुऊन काढणे जाणत्या कारागिराचे काम. एकच रेडिएटर पूर्ण गार असेल, तर त्याच्या झडपेची पिन अडकली असण्याचा संभव अधिक. आणि सारेच गार पडले, तर दोष बॉयलर, पंप किंवा वेळेच्या घड्याळात शोधावा. बॉयलरचे झाकण मात्र स्वतः उघडू नये. मुलांकडे गेलेल्या आजी-आजोबांना एवढी माहिती असली, तर मुले कामावर असताना दिवसभर कोट घालून बसण्याची वेळ येत नाही.

तेथील घरांत आणखी एक वस्तू दिसते : भिंतीवरची किंवा फडताळावरची लहानशी पांढरी डबी. बॉयलरमधून कार्बन मोनॉक्साइड वायू गळला, तर ती कर्कश आवाज करते. इंग्लंडात ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरांत ज्या खोलीत असे ज्वलनाचे कायमचे उपकरण असेल, तेथे ती बसवणे घरमालकावर बंधनकारक आहे. फक्त गॅसची शेगडी यातून वगळली आहे. आपल्याकडे कोळशाची शेगडी पेटवून, दारे-खिडक्या लावून, फटींत चिंध्या कोंबून लोक निर्धास्त झोपतात, तेथे मात्र काहीच वाजत नाही.

आमच्या मते या लेखातील सर्वांत निकडीची गोष्ट हीच. धूर निघून गेला, निखारे लालबुंद झाले, की शेगडी खोलीत आणण्यास हरकत नाही, असा आपल्या घरांत सार्वत्रिक समज आहे. धूर दिसतो आणि डोळ्यांना झोंबतो. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, त्याने खोकलाही येत नाही. लाल निखाऱ्यांतूनही तो निघतच असतो. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला घट्ट धरून ठेवते, म्हणून माणूस श्वास घेत असूनही आतून गुदमरतो. शेगडीजवळ पाण्याचे भांडे ठेवले की भागते, असे जाणती माणसेही सांगतात. पाण्याने हवेचा कोरडेपणा कमी होईल; हा वायू त्यात विरघळून नाहीसा होत नाही. ज्या न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे आणि हवेस वाट नाही, तेथेही हाच धोका आहे. गीझर बाहेर बसवून पाणी नळाने आत आणावे.

शेगडीचा मोह आवरत नसेल, तर ती अंगणात वा गच्चीवर ठेवून भोवती बसावे, शेंगा भाजाव्या, गजक खावी; झोपण्याच्या खोलीत मात्र गरम पाण्याची पिशवी आणि जाड रजई. घरात एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, मळमळ वा चक्कर आली, तर ते अपचन समजून ओवा देत बसू नये. आधी दारे-खिडक्या उघडाव्या, सर्वांना मोकळ्या हवेत आणावे, शेगडी बाहेर काढावी. कोणी झोपेतून नीट जागे होत नसेल, तर त्यास तत्काळ इस्पितळात न्यावे आणि खोलीत कोळसा पेटलेला होता, हे डॉक्टरांना प्रथम सांगावे, म्हणजे प्राणवायू देण्यास विलंब होत नाही.