स्पोर्ट्स कारच्या गिअरबॉक्ससाठी तेलाची निवड : वऱ्हाडच्या हवामानाच्या संदर्भात

प्रस्तावना

अमरावती किंवा अकोला येथील एखाद्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्सच्या तेलाचा विषय निघाला की बहुधा दोनच आकडे कानी पडतात : ‘नव्वद नंबर’ आणि ‘एकशे चाळीस नंबर’. हे आकडे या भागात ट्रक आणि ट्रॅक्टर यांच्यासोबत रुळले, आणि त्या यंत्रांच्या बाबतीत ते बहुतांशी योग्यही आहेत. अडचण उद्भवते ती त्याच डब्यातील तेल एखाद्या वेगवान, हलक्या मोटारीत ओतले जाते तेव्हा. “ऊन एवढे, मग तेल घट्टच हवे,” हा त्यामागील युक्तिवाद प्रथमदर्शनी सयुक्तिक वाटतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, ही वस्तुस्थिती कोणी नाकारणार नाही. परंतु गिअरबॉक्सच्या आत काय घडते हे पाहिले असता हा युक्तिवाद टिकत नाही. तो का टिकत नाही, याचा उलगडा अभियांत्रिकी शाखेबाहेरील वाचकांसही व्हावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मोटारीची रचना

‘स्पोर्ट्स कार’ या शब्दाने डोळ्यांपुढे परदेशी मोटार येते. तथापि हाताने गिअर बदलण्याच्या ज्या वेगवान मोटारी मध्यमवर्गीय शौकिनांच्या आवाक्यात आल्या, त्यांपैकी काही महाराष्ट्रातच तयार झाल्या. २००१ मध्ये आलेली फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स कुर्ल्याच्या कारखान्यातील, तर २०१५ ची १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुन्टो रांजणगावची. या मोटारींत इंजिन पुढे आडवे बसविलेले असून शक्ती पुढच्याच चाकांना मिळते. २०१२ च्या दिल्लीतील वाहन प्रदर्शनात दिलीप छाब्रिया यांनी सादर केलेली डीसी अवंती दिसावयास पूर्णतः वेगळी होती. इंजिन आसनांच्या मागे आणि शक्ती मागच्या चाकांना, अशी तिची मांडणी होती; परंतु इंजिन रेनॉ कंपनीचे होते.

हा तपशील तेलाच्या निवडीत निर्णायक ठरतो. आडव्या इंजिनाच्या मोटारीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एकाच कवचात, एकाच तेलात असतात. मात्र तेथील अंतिम दंतचक्रे सामान्यतः तिरप्या दात्यांची, एकमेकांना समांतर अक्षांवर फिरणारी असतात. ट्रकच्या मागच्या आसातील हायपॉइड दंतचक्रांचे दाते एकमेकांवर घासत सरकतात आणि तेलाचा थर खरवडून टाकण्याइतका दाब तेथे निर्माण होतो. तसे येथे घडत नाही. उलटपक्षी सुबारूसारख्या काही मोटारींत हायपॉइड डिफरन्शिअल आणि गिअरबॉक्स यांचे तेल एकच असते, म्हणून त्यांचे निर्माते निराळे तेल सांगतात. तात्पर्य, ‘स्पोर्ट्स कारचे तेल’ असा स्वतंत्र वर्ग नाही. बाह्यरूपावरून तेल ठरविता येत नाही.

पितळी कड्याचे काम

गिअर बदलताना दोन वेगवेगळ्या गतींनी फिरणारे भाग क्षणार्धात एका गतीवर आणावे लागतात. हे काम सिंक्रोनायझर नावाचे कडे करते. ते पुष्कळदा पितळेचे असते. त्याची आतील शंक्वाकृती बाजू गिअरच्या शंकूवर दाबली जाते, घर्षणाने दोहोंची गती सारखी होते आणि मगच दाते एकमेकांत बसतात. म्हणजे ज्या तेलाने दात्यांमधील घर्षण कमी करावयाचे, त्याच तेलाने या कड्यावर पुरेसे घर्षण होऊ द्यावयाचे असते. गिअरबॉक्सच्या तेलाचा सारा पेच या परस्परविरोधी अपेक्षेत आहे. चालक जितक्या झपाट्याने आणि जितक्या उच्च फेऱ्यांवर गिअर बदलतो, तितका या कड्यावरील भार वाढतो. स्पोर्ट्स कारचे वेगळेपण असलेच तर ते येथे आहे.

‘वरचा दर्जा’ ही भ्रांती

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गीकरणातील जी.एल.-४ आणि जी.एल.-५ ही नावे डब्यावर आढळतात. पाच हा आकडा चारपेक्षा मोठा, म्हणून तेल अधिक चांगले, असा समज विक्रेत्यांतही आहे आणि, खेदाने नमूद करावे लागते, सुशिक्षित ग्राहकांतही आहे. वस्तुतः हे आकडे परीक्षेतील श्रेणी नव्हेत. ते कामाचे प्रकार आहेत. जी.एल.-५ हे हायपॉइड दंतचक्रांवरील तीव्र दाबासाठी असून त्यात गंधक व फॉस्फरस यांची पूरक रसायने जी.एल.-४ च्या साधारण दुप्पट असतात. ही रसायने दात्यांच्या पृष्ठभागावर एक रासायनिक थर निर्माण करतात आणि धातूला धातू चिकटण्यापासून वाचवितात.

पितळेत तांबे असते, आणि क्रियाशील गंधक उष्णतेत तांब्यावर प्रक्रिया करून सल्फाइडचा काळा थर तयार करतो. तेलात तांब्याची पट्टी तापवून तिचा रंग पाहण्याची प्रमाणित चाचणी याचसाठी आहे. येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. जी.एल.-५ घातले की पितळ विरघळून जाते, असे जे सांगितले जाते ती अतिशयोक्ती होय. अलीकडील अनेक जी.एल.-५ तेलांतील गंधक बराच निष्क्रिय केलेला असतो. खरी हानी अधिक छुपी असते. त्या तेलाचा थर कड्याच्या शंकूवरही टिकून राहतो, कडे पकड घेण्याऐवजी घसरते, गती सारखी होण्यापूर्वीच दाते भिडतात आणि गिअर ‘कर्र’ असा आवाज करतो. मर्यादित-घसर डिफरन्शिअलसाठीची घर्षण कमी करणारी रसायने असलेले तेलही याच कारणासाठी येथे वर्ज्य समजावे. डब्यावर एम.टी.-१ असे लिहिलेले असल्यास ते सिंक्रोनायझर नसलेल्या, जड वाहनांच्या गिअरबॉक्ससाठीचे तेल आहे.

निर्मात्याने स्पष्टपणे जी.एल.-५ सांगितले असल्यास मात्र तेच वापरावे. तेथील कड्यांचे साहित्य त्या तेलाचा विचार करूनच निवडलेले असते.

दाटपणाचे गणित

आता ‘नंबर’कडे वळू. गिअर तेलाची आणि इंजिन तेलाची मोजपट्टी भिन्न आहे. एस.ए.ई. संस्थेच्या सध्याच्या मानकाप्रमाणे ९० क्रमांकाच्या गिअर तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, १०० अंश सेल्सिअसला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक असते. इंजिनाच्या ४० क्रमांकाच्या तेलाची १२.५ ते १६.३. म्हणजे आकडे दुपटीहून वेगळे असले तरी तेले जवळपास सारखी दाट आहेत! १४० क्रमांकाचे तेल मात्र २४ च्या पुढे, खरोखरच दाट असते.

‘७५डब्ल्यू-९०’ आणि ‘८०डब्ल्यू-९०’ यांतील फरक उदाहरणाने पाहू. दोन्ही तेले १०० अंशांना १५ सेंटिस्टोक आहेत. ४० अंशांना पहिले १०० आणि दुसरे १५० आहे, असे धरले. श्यानता-तापमानाच्या नेहमीच्या सूत्राने हिशेब केल्यास १२० अंशांना पहिले सुमारे १० आणि दुसरे ९ च्या थोडे वर येते. म्हणजे उष्णतेत दोहोंत नाव घेण्याजोगा फरक नाही. उलट पहिलेच किंचित दाट राहते. १० अंशांना मात्र पहिले सुमारे ५०० आणि दुसरे १२०० च्या जवळपास जाते.

यातून वऱ्हाडपुरता एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. आपल्याकडे तेलाची कसोटी उन्हाळ्याच्या दुपारी लागते असे आपण मानतो. पण गिअर बदलण्यापुरती ती डिसेंबरच्या पहाटे लागते. सुमारे १,१०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्याला मुक्काम करून सकाळी मोटार काढणाऱ्याने दुसरा गिअर टाकताना लागणारा जोर आठवून पाहावा. दाट तेल कड्याखालून वेळेवर बाजूला होत नाही. मोटार तापली की तक्रार आपोआप नाहीशी होते आणि दुरुस्तीचा विचारही मागे पडतो.

प्रस्तुत लेखकाच्या एका सहकाऱ्याच्या जुन्या पॅलिओत हेच घडले. उन्हाळ्याच्या तोंडावर एका गॅरेजमध्ये ‘आपल्या उन्हाला हेच बरे’ असे सांगून ८५डब्ल्यू-१४०, जी.एल.-५ तेल भरण्यात आले. मे महिना सुरळीत गेला. हिवाळ्यात दुसरा गिअर अडू लागला आणि पुढे तिसरा करकरू लागला. योग्य तेल भरल्यावर दुसऱ्याची अडचण गेली. तिसऱ्याची गेली नाही, कारण तोवर कडे झिजले होते. दोन लिटर तेलाच्या निवडीपायी संपूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागला.

उन्हाचा विचार कोठे करावा

उन्हाचा विचार करूच नये असे नव्हे. नोव्हेंबर ते मे एवढ्या काळात बाहेरील हवेत तीस-पस्तीस अंशांचा फरक पडतो आणि गिअरबॉक्स थंड होण्यास तितकाच कमी वाव राहतो. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती–अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला. अशा रस्त्यांवर भर दुपारी तासन् तास एकाच चढ्या वेगाने जाताना दंतचक्रे तेल सतत घुसळत राहतात, आणि ही घुसळणच उष्णता निर्माण करते. तेल जितके दाट, तितकी घुसळणीची उष्णता अधिक. म्हणजे उन्हावर उतारा म्हणून घातलेले १४० क्रमांकाचे तेल स्वतःच ताप वाढविते.

म्हणून उष्णतेचे उत्तर क्रमांकात न शोधता तेलाच्या जातीत आणि बदलाच्या मुदतीत शोधावे. निर्मात्याने सांगितलेल्याच वर्गाचे व क्रमांकाचे कृत्रिम तेल उष्णतेत अधिक काळ टिकते. आणि पुस्तिकेत मुदत दीर्घ दिलेली असली, किंवा तेल बदलण्याची गरजच नाही असे म्हटलेले असले, तरी जोमाने चालविल्या जाणाऱ्या मोटारीचे तेल आपल्या भागात ४० हजार किलोमीटरच्या आसपास बदलावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पिंपातून सुटे मिळणारे तेल स्वस्त असले तरी घेऊ नये. त्यावर वर्ग लिहिलेला नसतो.

प्रत्यक्ष बदलताना मोटार थोडी चालवून, सपाट जागी उभी करून, तेल कोमट असताना काढावे. तेल भरण्याचा वरचा नट अगोदर सैल करून पाहावा आणि मगच खालचा उघडावा. वरचा गंजून बसलेला असेल तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन दुसऱ्या गॅरेजपर्यंत जाता येत नाही. काढलेले तेल पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात धरावे. खालच्या नटाच्या चुंबकावरील करडा, मऊ लेप ही नित्याची झीज होय. पोलादाचे टोकदार कण दिसल्यास दाते तुटत आहेत. आणि तेलात सोनेरी चकाकी तरंगत असेल, तर ते पितळ आहे : कडे झिजू लागले आहे, आणि आजवर कोणते तेल भरले गेले याची चौकशी त्याच दिवशी करावी.