सायबर हल्ला : पडद्यावरचा आणि तारांवरचा

मालिकेतले एक मिनिट

नेटफ्लिक्सवर २० फेब्रुवारी २०२५ रोजी 'झिरो डे' ही सहा भागांची राजकीय थरारमालिका प्रदर्शित झाली. तिच्यात अमेरिकेतील वीज, दूरसंचार आणि वाहतूक एकाच क्षणी एका मिनिटासाठी ठप्प होते. हजारो माणसे प्राणास मुकतात. चौकशीसाठी माजी राष्ट्राध्यक्षाच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला जातो आणि संशयितांना डांबून ठेवण्यापर्यंतचे अधिकार त्याला मिळतात. माजी राष्ट्राध्यक्षाची भूमिका रॉबर्ट डी नीरो यांची आहे. तांत्रिकदृष्ट्या सर्वांत कच्चा भाग त्या मिनिटाचाच. वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या काळात बसवलेली यंत्रे एका इशाऱ्यावर बंद होत नाहीत. आणि देशभराची वीज एकदा गेली की ती साठाव्या सेकंदाला परतत नाही. कोणी केले हे कळण्याआधीच कोणाकडे बोट दाखवायचे हे ठरू लागते, हा मालिकेचा दुसरा धागा मात्र पक्का आहे. त्याचे उदाहरण महाराष्ट्रातच सापडते.

नावाचा अर्थ

आज्ञावलीतील जो दोष तिच्या निर्मात्यालाही ठाऊक नसतो, त्याला 'झिरो डे' म्हणतात. दुरुस्तीसाठी हाताशी शून्य दिवस असतात, म्हणून हे नाव. असे दोष दुर्मीळ आणि महाग असतात. इराणच्या नतांझ येथील अणुकेंद्रातील यंत्रे बिघडवणाऱ्या, २०१० मध्ये उघडकीस आलेल्या 'स्टक्सनेट'ने असे चार दोष वापरले होते. बहुतेक हल्ल्यांना मात्र एवढा खटाटोप लागत नाही. ई-मेलला जोडलेली एक फाइल कोणीतरी उघडणे पुरेसे असते.

जाळे कसे जोडलेले असते

भारताचे वीजजाळे ५० हर्ट्झ या एकाच लयीत चालते. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रातील ५०० मेगावॉटचा संच अचानक बंद पडला, तर वारंवारिता किंचित घसरते आणि शेकडो किलोमीटरवरचे संच ती घट भरून काढू लागतात. धुळ्याजवळच्या ७६५ केव्ही उपकेंद्रातून छत्रपती संभाजीनगरकडे आणि गुजरातेत वडोदऱ्याकडे अतिउच्चदाब वाहिन्या जातात. म्हणजे खानदेश हा या जाळ्याचा कोपरा नसून त्यातली एक गाठ आहे. मागणी आणि निर्मितीचा मेळ घालण्याचे काम ऐरोलीचे राज्य भार प्रेषण केंद्र करते. त्याच्या वर मुंबईचे पश्चिम विभागीय केंद्र असते. जोडणीमुळे आधार मिळतो, तसा बिघाडही पसरतो. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातील सुमारे ६० कोटी लोकांची वीज गेली, ती कोणत्याही हल्ल्याविना. पश्चिमेचे जाळे त्या दिवशी तगले.

कार्यालय आणि नियंत्रण

वीजसंस्थेत संगणकांची दोन जाळी असतात. एकावर पगार, बिले, पत्रव्यवहार चालतो. दुसऱ्यावरून ब्रेकर, म्हणजे वाहिनीतला प्रवाह तोडणारे-जोडणारे मोठे खटके, उघडतात, मिटतात. दोहोंत भिंत असावी हा मूळ नियम. कुडनकुलम अणुकेंद्रात २०१९ मध्ये घातक आज्ञावली सापडली, पण ती प्रशासकीय जाळ्यातील संगणकात होती. अणुभट्टीच्या नियंत्रणापर्यंत पोचली नाही, असे अणुऊर्जा महामंडळाने सांगितले. सायबर हल्ल्याची बातमी वाचताना ती कोणत्या जाळ्याबद्दल आहे, हा पहिला प्रश्न असायला हवा. बातम्यांत नेमका तोच गळतो.

१२ ऑक्टोबर २०२०

त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि परिसराची वीज गेली. लोकल जागीच थांबल्या, रुग्णालयांतील जनित्रे सुरू झाली, विद्यापीठाच्या परीक्षा पुढे गेल्या. कळवा परिसराला वीज आणणाऱ्या ४०० केव्ही वाहिन्यांपैकी एक आधीच दुरुस्तीसाठी बंद होती. दुसरी बंद पडताच भार उरलेल्यांवर आला आणि त्याही कोलमडल्या. मुंबईला बाहेरच्या जाळ्यापासून तोडून स्वतंत्र ठेवणारी जुनी योजना त्या दिवशी पुरी पडली नाही. तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी तेव्हाच घातपाताची शंका व्यक्त केली होती.

साडेचार महिन्यांनी 'रेकॉर्डेड फ्यूचर' या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला. चीनशी संबंधित 'रेडइको' नावाच्या गटाने भारतातील दहा वीजसंस्थांना लक्ष्य केल्याचे त्यात होते. मुंबईचा अंधार त्याच गटाने केला, असे मात्र कंपनीने ठामपणे म्हटले नव्हते. १ मार्च २०२१ रोजी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन घातपाताची शक्यता मांडली. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी खंडन केले : भार प्रेषण केंद्रांवर हल्ले झाले, पण वीज गेली ती मानवी चुकीमुळे. एकाच घटनेची दोन सरकारांकडून दोन कारणे. संगणकात घुसखोराचे ठसे सापडणे आणि त्याने ब्रेकर उघडल्याचे सिद्ध होणे, यांत मोठे अंतर असते. राजकारण त्या अंतरात शिरते.

युक्रेनचा दाखला

सिद्ध झालेला हल्ला पाहायचा तर २३ डिसेंबर २०१५ चा पाहावा. पश्चिम युक्रेनच्या इव्हानो-फ्रँकिव्स्क भागातील नियंत्रणकक्षात पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला आणि कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत एकेक ब्रेकर उघडत गेला. घुसखोरी अनेक महिने आधी, ई-मेलमधल्या कागदपत्रांतून झाली होती. तीन वितरण कंपन्यांच्या सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. ती सहा तासांच्या आत परतली, कारण माणसे गाड्या काढून उपकेंद्रांत गेली आणि त्यांनी ब्रेकर हाताने मिटवले.

खानदेशातील उपकेंद्र

रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातले ३३/११ केव्ही उपकेंद्र म्हणजे एक खोली, फीडरांची, म्हणजे तिथून निघणाऱ्या वाहिन्यांची, नावे रंगवलेल्या पेट्यांची रांग, तासागणिक अँपिअर नोंदवायची वही आणि एक यंत्रचालक. फीडर ट्रिप झाला की लाइनमनचा फोन येतो, झाडाची फांदी निघते, वाहिनीवर काम करण्याचे परमिट परत होते आणि मग खटका मिटतो. जिथे हाताने काम चालते तिथे दूरचा घुसखोर पोचू शकत नाही; हा जुनेपणाचा अनपेक्षित फायदा. पण दुरून जोडलेली यंत्रे वाढत असल्याने तो आकसत चालला आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प आहे, शेतीच्या फीडरांवर लहान सौरप्रकल्प जोडले जात आहेत, आणि घराघरांत बसणाऱ्या स्मार्ट मीटरमध्ये दुरून पुरवठा तोडण्याची सोय आहे. असे एक मीटर बंद पडले तर एका घराचा प्रश्न. एकाच आज्ञेने हजारो मीटर एकदम बंद झाले, तर भार अचानक उतरतो, वारंवारिता उसळते आणि तो धक्का दीपनगरच्या संचालाही सोसावा लागतो.