नवा लॅपटॉप, घरचं वायफाय आणि नगरची चक्कर

नवा लॅपटॉप घरात आला की पहिला अर्धा तास वरचं प्लॅस्टिक काढायचं की ठेवायचं यातच जातो. मग तो ऑन होतो, भाषा निवडून होते, देश निवडून होतो आणि विंडोज ११ होम अडून बसतं: आधी इंटरनेट जोडा, मगच पुढं. घरातले सगळे मोबाइल त्याच वायफायवर मजेत चालू असतात. या नव्या पाहुण्याला मात्र ते वायफाय दिसतच नाही, नाहीतर दिसतं आणि जोडलं जात नाही.

पुण्यात असाल तर बॅग उचलून दुकान गाठता येतं. आष्टीत गणित वेगळं. सर्व्हिस सेंटर नगरला असेल, तर २०२२च्या सप्टेंबरपासून आपल्याकडे रेल्वे आली हे खरं, पण ६६ किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं आणि कॉलेजचा एक दिवस बुडवायचा. तिथं लॅपटॉप त्यांच्या वायफायला पटकन जोडला गेला तर? 'याला काहीच झालेलं नाही' एवढं ऐकून परत. शिवाय लॅपटॉप ऑनलाइन घेतला असेल तर बदलून मिळण्याची मुदत मोजक्याच दिवसांची असते. म्हणून दोष लॅपटॉपचा की राउटरचा, हे पहिल्याच दिवशी कळायला हवं.

त्यासाठी मोबाइलचा हॉटस्पॉट पुरेसा आहे. लॅपटॉप त्याला जोडून बघा. जोडला गेला तर लॅपटॉपचं वायफाय बहुतेक धडधाकट आहे, भांडण घरच्या राउटरशी आहे. हॉटस्पॉटसुद्धा दिसला नाही, तर लॅपटॉपकडे वळायचं.

लॅपटॉपकडे वळल्यावर आधी विमानाचं चित्र असलेलं बटण चुकून दाबलं गेलंय का ते पाहा. हसू नका, हे होतं. बहुतेक वेळा मात्र घोळ ड्रायव्हरचा असतो. ड्रायव्हर म्हणजे विंडोजला वायफायच्या चिपशी बोलायला शिकवणारं छोटं सॉफ्टवेअर. ते नसेल तर चिप असूनही नसल्यासारखी. आता गंमत अशी की ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्यायचा आणि इंटरनेट तर ड्रायव्हरशिवाय मिळत नाही! इथं मोबाइलची चार्जिंगची केबल कामाला येते. अँड्रॉइड फोन केबलनं लॅपटॉपला जोडा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. यात वायफायची गरजच पडत नाही. अडलेलं सेटअप पुढं सरकतं, मग विंडोज अपडेट चालवलं की ड्रायव्हर बहुधा आपोआप येतो. (फोनचा डेटा संपत आला असेल तर हे रात्री बारानंतर करा, नवा कोटा सुरू झाला की.)

तरीही डिव्हाइस मॅनेजरमध्ये, 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली, वायफायचं नावच नसेल तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा आणि पुन्हा सुरू करा. अडकून बसलेली चिप कधीकधी यानं जागी होते. नाही झाली तर मुदतीच्या आत परत करा.

हॉटस्पॉटवर चालतोय पण घरच्या वायफायवर नाही, अशी केस असेल तर आधी पासवर्ड. डोळ्याचं चिन्ह दाबून टाइप केलेलं वाचा. सेटअप करताना मराठी कीबोर्ड निवडला असेल तर काळ्या ठिपक्यांआड भलतंच टाइप होत असतं. विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबलं की कीबोर्ड बदलतो.

नाव दिसतच नसेल तर राउटरच्या शेजारी बसून बघा. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान असतं, पण जाड दगडी भिंतीपुढं २.४ गिगाहर्ट्झच्या आधी हार मानतं. लॅपटॉप अमेरिकेतल्या दादानं पाठवलाय का? भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनल चालतात, अमेरिकेत सहसा ११ पर्यंतच. राउटर १२ किंवा १३ वर असेल तर तिकडच्या लॅपटॉपला तो न दिसण्याची शक्यता असते. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ करा. नाव दिसतं, पासवर्ड बरोबर, तरी नकार येत असेल तर तिथंच सिक्युरिटी 'डब्ल्यूपीए-२ एईएस'वर ठेवून पाहा. 'कनेक्टेड, पण इंटरनेट नाही' असं आलं आणि आयपी पत्ता १६९.२५४नं सुरू होत असेल, तर राउटरनं लॅपटॉपला पत्ताच दिलेला नाही. राउटर बंद करून एक मिनिटानं चालू करा.

राउटर जोडून देणाऱ्या दादाला फोन केलात तर तो सेटिंग बदलून देईल. 'फॉरमॅट मारून देतो' म्हणणाऱ्याला मात्र नव्या लॅपटॉपला हात लावू देऊ नका. कंपनीनं आत भरून दिलेले ड्रायव्हर त्यात पुसले जाऊ शकतात, मग वायफायसोबत टचपॅड आणि आवाजही शोधत बसावं लागतं.

आणि कस्टमर केअरला फोन लावण्याआधी डिव्हाइस मॅनेजरचा फोटो काढून ठेवा. हॉटस्पॉटवर काय झालं, केबलवर काय झालं, हे पहिल्याच वाक्यात सांगा. 'राउटर रीस्टार्ट करून बघा'वाला अर्धा तास वाचतो.