प्राणीरक्षकाच्या कमरेचं अवजार : स्वस्त मल्टी-टूल कसं निवडावं?



मदतनीसांविषयी शिकवताना आपण डॉक्टर, पोस्टमन, पोलीस यांच्याबद्दल बोलतो. प्राणिसंग्रहालयातला प्राणीरक्षक मात्र राहून जातो. आपल्या मावळातून कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात सहली जातात, मुलं वाघ-अस्वल बघून येतात. त्या प्राण्यांना रोज सांभाळणाऱ्याच्या हाताला काय लागतं, हे आज समजून घेऊ.

मल्टी-टूल म्हणजे काय?

पक्कड, चाकू, स्क्रूड्रायव्हर, कानस अशी अवजारं एकाच मुठीत घडी करून ठेवलेली असतात, ते मल्टी-टूल. टिम लेदरमन हा अमेरिकन माणूस १९७५ मध्ये जुन्या मोटारीने युरोपात फिरत होता. खिशात घडीचा चाकू होता, पण गाडी दुरुस्त करताना पक्कड नाही म्हणून अडायचं. त्यातून त्याने पक्कड असलेलं अवजार बनवलं आणि १९८३ मध्ये ते विक्रीला आलं.

आधी काम, मग अवजार

दुकानात जाण्याआधी दिवसभराच्या कामांची यादी करावी. चाऱ्याच्या भाऱ्याची सुतळी कापणे, खाद्याच्या गोणीची शिवण उसवणे, जाळीतून बाहेर आलेली तार वाकवणे किंवा तोडणे, कडीचा ढिला स्क्रू आवळणे. म्हणजे कापणे, पकडणे आणि आवळणे, एवढंच! 'वीस अवजारं एकात' असलेल्या वस्तूतली निम्मी पाती कधी उघडलीच जात नाहीत. पैसे मात्र सगळ्यांचे मोजावे लागतात.

घेताना काय बघावं?

१. पक्कड : मुख्य अवजार हेच. तिला तार तोडायची धार हवी. शक्य असेल तर दुकानातच बारीक तार तोडून बघावी. जबडे एकमेकांवर नीट बसतात का, सांध्यात खिळखिळ आहे का, तेही पाहावं.

२. चाकूचं कुलूप : उघडलेलं पातं जागेवर पक्कं बसलं पाहिजे. नाहीतर जोर देताना ते बोटांवर मिटतं.

३. एका हाताने उघडणं : दुसऱ्या हातात बादली किंवा दाराची कडी असते.

४. स्टेनलेस स्टील : रोजचं धुणं आणि मावळासारखा पाऊस, साधं लोखंड लगेच गंजतं.

५. दोरी ओवायला भोक : त्यात लाल किंवा केशरी दोरी बांधावी. गवतात पडलं तरी चटकन दिसतं.

जास्तीची पाती सोडायला हरकत नाही, पण या पाच गोष्टींत काटकसर नको.

एवढी काळजी कशासाठी?

गाय पाळणाऱ्या घरांना हे लगेच पटेल. गाय चारा निवडून खात नाही. चाऱ्यातला तारेचा तुकडा किंवा खिळा तिच्या पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात अडकतो. पलीकडे जवळच हृदय असतं. पोट आकुंचन पावताना टोकदार तार पुढे सरकून हृदयापर्यंत पोचू शकते. म्हणून पशुवैद्य काही वेळा गाईला लोहचुंबक गिळायला देतात, लोखंड त्याला चिकटून राहतं. चितळ, सांबर, काळवीट हेही रवंथ करणारेच. त्यांच्या आवारात तार तोडली, तर तोडलेला तुकडा खिशात आलाच पाहिजे. माकडांचं तर विचारूच नका, विसरलेलं अवजार ती आधी उचलतील!

म्हणून साधा नियम : आत जाताना अवजारं मोजायची, बाहेर येताना पुन्हा मोजायची.

स्वच्छता

सांध्यांत शेण, मांस, माती अडकते. आजारी प्राण्याकडचं अवजार तसंच दुसऱ्याकडे नेलं तर आजारही सोबत जातो. सगळी पाती उघडून साबणाने धुवावीत, कोरडी करावीत, सांध्यात तेलाचा थेंब सोडावा. आणि हे अवजार पेटीतल्या पान्याची जागा घेत नाही. मोठा नट आवळायला पानाच हवा.

वर्गासाठी उपक्रम

आपल्या सुदुंबऱ्यात एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे, त्यामुळे 'कामानुसार साहित्य' ही कल्पना इथल्या मुलांना नवीन नाही. गट करून प्रत्येक गटाला एक व्यवसाय द्या : प्राणीरक्षक, शेतकरी, वायरमन, शिंपी. 'तुम्हाला तीनच अवजारं मिळणार, कोणती घ्याल आणि का?' असं विचारा. उत्तरापेक्षा 'का' महत्त्वाचं. अवजारांची चित्रंच वापरा, खरा चाकू वर्गात नको.

पालकांनीही घरी हा प्रश्न विचारून बघावा. वस्तू घेण्याआधी गरज लिहून काढायची सवय लागली, तर पुढे कंपासपेटी घेतानाही उपयोगी पडेल.