बेघरांच्या संघाला पत्ता विचारणारा देश

फुटबॉलचा विश्वचषक जवळ आला की देशोदेशींच्या संघांच्या याद्या जाहीर होतात. कोण आत आले, कोणाला डावलले, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. आपला देश त्या स्पर्धेत नसतो, तरी बुलडाण्याच्या पानटपरीवरही अर्जेंटिनाचा संघ कसा असावा हे सांगणारे दोन-चार जण हमखास भेटतात. पण यादीत नाव आले की नाही, याच्या आधीचा एक प्रश्न कोणी विचारत नाही. निवड समितीच्या टेबलापर्यंत नाव पोहोचले कसे? आणि जे पोहोचले नाहीत, ते कुठे अडकले? वकिली करणाऱ्या माणसाला हा दुसरा प्रश्न अधिक जवळचा वाटतो, कारण अडकलेली माणसेच आमच्याकडे येतात.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला परदेशात जाण्याची गरज नाही. आपल्याच विदर्भात, नागपुरात, भारताचा एक राष्ट्रीय फुटबॉल संघ घडत आला आहे. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांचा फुटबॉल सुरू केला. पावसात मोडकी बादली लाथाडत खेळणारी पोरे त्यांनी पाहिली आणि त्यांच्या हाती चेंडू दिला, ही त्या कामाची सुरुवात. पुढे त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. २०१६ मध्ये तिला ‘फिफा’चा विविधता पुरस्कार मिळाला. ही संस्था ‘होमलेस वर्ल्ड कप’ म्हणजे बेघरांच्या विश्वचषकासाठी भारताचा संघ निवडून पाठवते.

ही स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झाली. तिचे नियम वाचण्यासारखे आहेत. संघात आठ खेळाडू, मैदानात एका वेळी चार. सात-सात मिनिटांचे दोन डाव. खेळाडू किमान सोळा वर्षांचा हवा. आणि पात्रता काय? नजीकच्या काळात तो बेघर असला पाहिजे, किंवा रस्त्यावर वर्तमानपत्र विकून पोट भरणारा, किंवा दुसऱ्या देशात आश्रय मागणारा, किंवा बेघरपणातून आलेला आणि व्यसनमुक्तीचे उपचार घेणारा. शिवाय एका माणसाला ही स्पर्धा आयुष्यात एकदाच खेळता येते. यंदा ज्याने गोल केले, त्याने पुढच्या वर्षी जागा सोडायची. त्या जागेवर नवा माणूस येणार.

आता आरक्षणविरोधकांचा आवडता सवाल आठवा. क्रिकेटच्या संघात आरक्षण ठेवाल का, असे ते छाती काढून विचारतात. त्यांनी ही स्पर्धा जरूर पाहावी. इथे वंचितपणा हीच प्रवेशाची अट आहे. म्हणून गोलपोस्ट मोठी केलेली नाही, की समोरचा गोलरक्षक चेंडू सोडून देत नाही. दारातून आत घेण्याचा निकष वेगळा आणि आत आल्यावर खेळाची कसोटी वेगळी, हे साधे सूत्र ज्यांना शाळा-कॉलेज आणि नोकरीच्या बाबतीत कळत नाही, त्यांना ते मैदानावर तरी कळावे. आणि केवळ गुणवत्तेवर चालणाऱ्या संघांचा इतिहास तरी काय सांगतो? १९११ मध्ये हिंदुस्थानचा क्रिकेट संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात पालवणकर बाळू यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. कप्तान होते पतियाळाचे महाराज. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गोलंदाजाने संघातली जागा गुणाने मिळवली, कप्तानपद मात्र गादीला गेले.

बेघरांच्या संघाने एक दार उघडले. पण त्यापुढे दुसरे दार आहे आणि त्याची किल्ली प्रशिक्षकाकडे नाही. ते दार म्हणजे पासपोर्ट. परदेशात स्पर्धा आहे, म्हणजे पासपोर्ट हवा. पासपोर्टला पत्त्याचा पुरावा हवा, जन्मतारखेचा पुरावा हवा आणि पोलिसांचा अनुकूल अहवाल हवा. विसंगती पाहा. संघात येण्यासाठी सिद्ध करायचे की मला घर नाही, आणि विमानात बसण्यासाठी सिद्ध करायचे की माझा पत्ता अमुक आहे!

नागराज मंजुळे यांचा २०२२ साली आलेला ‘झुंड’ अनेकांनी पाहिला. अमिताभ बच्चनने साकारलेला विजय बोराडे आणि आंबेडकर जयंतीची मिरवणूक लोकांच्या लक्षात राहिली. पण त्या सिनेमाचा उत्तरार्ध नीट पाहा. तिथे खरा सामना फुटबॉलचा नाहीच. आदिवासी मुलगी आणि तिचा बाप ओळखीच्या पुराव्यासाठी दारोदार फिरतात. वस्तीतल्या डॉनचा पाय पोलीस केसमध्ये अडकतो. प्रतिस्पर्धी संघ नव्हे, कागद त्यांना आडवा येतो. ही कल्पना नव्हे. अखिलेश पॉल हा नागपूरच्या वस्तीतला मुलगा २०१० मध्ये रिओ द जानेरोच्या बेघर विश्वचषकात भारताचा कप्तान होता. आपण आधी गुन्हेगारीच्या वाटेला लागलो होतो आणि फुटबॉलने आपल्याला बाहेर काढले, हे त्याने स्वतः ‘सत्यमेव जयते’ या कार्यक्रमात देशाला सांगितले. अशा मुलाच्या हातात पासपोर्ट पडणे हे एखाद्या गोलापेक्षा सोपे असते काय?

कायदा काय म्हणतो, ते आता पाहू. परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सतवंतसिंग सोहनी खटल्यात सांगितले. त्यापूर्वी पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी होती. त्या निकालानंतर त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. पासपोर्ट अडवायचा तर त्याची पद्धत न्याय्य, वाजवी असली पाहिजे, नागरिकाचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे ठरले. थोडक्यात, पासपोर्ट ही साहेबांची मेहेरबानी नाही. तो हक्क आहे.

मग आपल्या पोरांचा तो कुठे अडतो? बुलडाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही वस्तीत चला. जयंतीच्या मिरवणुकीत आवाजावरून बाचाबाची झाली, दोन गटांत ढकलाढकली झाली. पोलिसांनी जी नावे हाती लागली ती लिहिली. बेकायदा जमाव, दंगल. पूर्वीची भारतीय दंड विधानाची १४३, १४७ ही कलमे, आता न्याय संहितेतली १८९ आणि १९१. तारखा सात-आठ वर्षे चालतात. साक्षीदार येत नाहीत. शेवटी निर्दोष सुटका होते. पण मधली वर्षे, म्हणजे अठरा ते पंचवीस, हीच खेळण्याची आणि कमावण्याची वर्षे, ती गेलेली असतात.

पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(फ) प्रमाणे फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. इथवर सगळ्यांना ठाऊक असते. पुढचे कोणी सांगत नाही. २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार, ज्या न्यायालयात खटला आहे त्या न्यायालयाने परवानगी दिली तर अशा माणसालाही पासपोर्ट मिळतो. न्यायालयाने मुदत लिहिली नसेल तर तो एक वर्षाचा मिळतो. नुसता एफआयआर दाखल आहे, तपास चालू आहे, न्यायालयाने अजून दखल घेतलेली नाही, तर तो ‘प्रलंबित खटला’ धरता येत नाही. परराष्ट्र मंत्रालयाने २०१९ मध्ये हे स्पष्टही केले आहे. आणि कृत्य अठरा वर्षांखालचे असेल, तर बाल न्याय कायद्याचे कलम २४ सांगते की त्या दोषाचा कलंक मुलाच्या पुढच्या आयुष्याला चिकटवायचा नाही.

आखातात वायरमन म्हणून जाऊ पाहणारा एक तरुण माझ्याकडे आला होता. अहवाल प्रतिकूल गेला म्हणून त्याने अर्जाचा नाद सोडला होता. न्यायालयाकडे परवानगी मागता येते हे त्याला ना ठाण्यात कोणी सांगितले, ना अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराने. दोन पानांचा अर्ज केला, परवानगी मिळाली, पासपोर्ट आला. कायदा होता, पण तो त्याच्यापर्यंत पोहोचला नव्हता. फुटबॉलच्या मैदानावरचा पोरगा याहून वेगळ्या स्थितीत नसतो.

पत्त्याचे तर विचारूच नका. आपल्या कितीतरी वस्त्या गायरानावर आहेत. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरची शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. तरी सातबाऱ्यासाठी अजून हेलपाटे चालू आहेत. २०२२ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरच्या घरांना राज्यभर नोटिसा गेल्या. ज्या घरालाच सरकार अतिक्रमण म्हणते, त्या घराचा दाखला ग्रामपंचायत कोणत्या तोंडाने देणार?

जन्माच्या नोंदीची गोष्ट याहून गंभीर आहे. पासपोर्टच्या नियमांत २०२५ मध्ये दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा एकच पुरावा चालणार, तो म्हणजे जन्माचा दाखला. शाळेचा दाखला चालणार नाही. आईबाप विटाभट्टीवर असताना जन्मलेल्या, नोंद न झालेल्या पोरीचा विचार करा. वर्षभरात नोंद राहिली तर पुढे दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. ती पोरगी सोळा वर्षांची होईल तेव्हा उत्तम खेळत असेल, तिची निवडही होईल, आणि तिचा पासपोर्ट आजच्या एका न केलेल्या नोंदीसाठी अडेल.

याउलट सरकारने आणि संघटनांनी मनावर घेतले की काय होते, तेही पाहा. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. यजमान म्हणून आपला संघ खेळला. २१ जणांत आठ मुले एकट्या मणिपूरची होती. अमरजित सिंग कियाम कप्तान होता. ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने डोक्याने गोल केला, तो फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. महाराष्ट्राचा अनिकेत जाधव त्या संघात होता. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. म्हणजे वसतिगृह, आहार, मैदान आणि प्रशिक्षक मिळाला की रिक्षावाल्याचे पोर विश्वचषकाच्या यादीत जाते. विदर्भातले एकही नाव त्या यादीत नव्हते. त्या स्पर्धेपूर्वी १५ सप्टेंबर २०१७ ला महाराष्ट्र सरकारने दहा लाख मुलांना एका दिवशी फुटबॉल खेळवण्याचा कार्यक्रम केला. दिवस साजरा झाला, फोटो निघाले. पण एक दिवस म्हणजे प्रबोधिनी नव्हे.

२०२२ मध्ये मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. कप्तान होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली आदिवासी मुलगी अस्तम उराव. ती कप्तान झाल्यावर प्रशासनाला तिच्या गावाचा रस्ता आठवला. आणि त्या रस्त्याच्या कामावर तिचेच आईवडील रोजंदारीने राबत होते, हे सगळ्या देशाने वाचले. मुलीचे नाव यादीत आल्यावर रस्ता होतो. रस्ता आधी झाला असता तर त्या गावातून आणखी किती नावे आली असती, हे कोण मोजणार?

आणखी एक ताजे उदाहरण. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात वाढलेल्या रायन विल्यम्सने तिथले नागरिकत्व सोडून भारताचा पासपोर्ट घेतला आणि राष्ट्रीय संघाचे दार त्याला उघडले. त्याचे स्वागतच आहे. आपल्या देशासाठी कोणी स्वतःचे नागरिकत्व सोडतो, ही लहान गोष्ट नाही. पण संघाला माणूस हवा असला की कागद वेळेत होतात, हेही त्यातून दिसते. मग इथेच जन्मलेल्या, इथेच वाढलेल्या पोट्ट्यांचे कागद का होत नाहीत?

मागणी अवघड नाही. मतदारयादीचे उदाहरण घ्या. बेघर माणसाकडे पत्त्याचा कागद नसेल तर निवडणूक आयोगाचा अधिकारी रात्री त्या जागी जाऊन तो तिथे खरोखर झोपतो की नाही, हे पाहतो आणि नाव नोंदवतो. जो देश फुटपाथवर झोपणाऱ्याला मत देऊ देतो, त्या देशाने त्याच पद्धतीने त्याला पासपोर्ट द्यायला काय हरकत आहे? मताच्या वेळी तो नागरिक आणि विमानाच्या वेळी संशयित, हे चालणार नाही.

दुसरे काम आपले आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला, स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. प्रत्येक वस्तीतल्या मंडळाने वर्षातून एक रविवार काढावा. कोणाच्या जन्माची नोंद राहिली, कोणाचे नाव टीसीवर एक आणि आधारवर दुसरे आहे, कोणावर जुनी केस लटकली आहे, याची यादी करावी. ती यादी घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. जयंतीच्या वर्गणीतून पोरांना जर्सी अवश्य घ्या. पण त्याच पैशातून दहा पोरींचे जन्मदाखले निघत असतील, तर आधी दाखले काढा. संघाची यादी दिल्लीत लागते, पण तिच्यात नाव यायचे असेल तर पहिली नोंद ग्रामपंचायतीच्या जन्मरजिस्टरात असावी लागते.